‘दत्तक’ : एका शब्दाची वाटचाल

‘दत्तक’ हा शब्द आपल्या घराण्यांत इतका रुळलेला आहे की तो कायद्याच्या परिभाषेतला आहे, याचा सहसा विसर पडतो. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. औरस पुत्र जन्माने येतो, दत्तक दानाने. म्हणून जन्मदात्यांनी मूल देणे व दुसऱ्यांनी ते घेणे, ही प्रत्यक्ष कृती हाच या विधीचा गाभा होय. केवळ सांभाळलेले मूल, कितीही लाडके असले तरी, कायद्याने दत्तक ठरत नाही.

विधवेच्या अधिकाराविषयी मात्र प्रांतोप्रांती मतभेद होते. वसिष्ठाच्या एकाच वचनाचा अर्थ निबंधकारांनी निरनिराळा लावला. मिथिलेत तिला हा अधिकारच नव्हता. बंगाल व काशीकडे पतीची अनुज्ञा लागे. द्रविड देशी सपिंडांची संमतीही चाले. महाराष्ट्रात पतीने मनाई केलेली नसली म्हणजे पुरे. ग्वाल्हेरीस दौलतराव शिंद्यांच्या मागे १८२७ मध्ये बायजाबाईंनी जनकोजीरावांना, तर त्यांच्या मागे १८४३ मध्ये ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. पुढे सातारा व झाशीचे दत्तक कंपनी सरकारने नाकारले आणि ती राज्ये खालसा झाली. १८५७ च्या उठावानंतर धोरण पालटले. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. १८७५ मध्ये जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच बडोद्याचे सयाजीराव महाराज.

सामान्य कुटुंबांचे काय? स्थलांतर केलेले हिंदू कुटुंब आपला मूळचा व्यक्तिगत कायदा सोबत नेते, असे न्यायालये गृहीत धरीत. तो सोडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असे. प्रिव्ही कौन्सिलने १९२० मध्ये एका स्थलांतरित महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाच्या दाव्यात हेच तत्त्व लावले. अर्थात माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या विधवेलाही महाराष्ट्राचा नियम लागू शकत होता.

१९५६ च्या कायद्याने हे प्रांतभेद बहुतांशी मिटवले. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा विवाहित व्यक्तीचे दत्तक मात्र रूढी असेल तरच चालते. पूर्वी विधवेने घेतलेला दत्तक पित्याच्या मृत्युदिनापासून पुत्र मानला जाई. आता दत्तकापूर्वी ज्याच्याकडे मिळकत गेली, त्याच्याकडून ती काढून घेता येत नाही. तरीही १९५६ पूर्वीच्या दत्तकाची वैधता जुन्याच कायद्याने ठरते. शासकीय सेवेत आम्ही पाहिले की अशा वादांत घराणे मुळात कोठून आले, हे दाखवणारा कागदच बहुधा हाती नसतो. आपल्या पेट्यांतील जुनी दत्तकपत्रे, विशेषतः मोडीतील, जाणकाराकडून वाचून घेऊन जपावीत, अशी आमची विनंती आहे.