मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन : खर्च कोणाचा, फायदा कोणाला?

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने क्लायमेट ॲक्शन प्लॅन जाहीर केला. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी शहर काय काय करणार, याचा हा आराखडा. २०५० पर्यंत 'नेट झिरो' गाठायचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषला गेला पाहिजे. पण हे परवडतं का? आधी गच्चीवरचा छोटा हिशोब करूया.

सोसायटीचा हिशोब

समजा, लिफ्ट आणि पंपासाठी १० किलोवॅटचं सोलर बसवलं. खर्च ६ लाख धरू. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे वर्षाला १४,००० च्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ४० हजार वाचतात. साडेचार वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनल मात्र साधारण २५ वर्षं चालतात.

हाच हिशोब मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक्सेलवर दाखवला. ठराव पडला! एक काका म्हणाले, "पैसे आज मी भरायचे आणि पुढच्या वर्षी फ्लॅट विकला तर?" माझ्या शीटमध्ये याचं उत्तर नव्हतं.

शहराचा हिशोब

शहराचीही अडचण हीच आहे. प्लॅननुसार २०१९ मध्ये मुंबईचं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होतं, माणशी १.८ टन. त्यात ७२ टक्के वाटा इमारतींमधल्या वीज-इंधनाचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन धरला, तर आपलं सोलर वर्षाला १० टन वाचवतं. म्हणजे पाच-सहा मुंबईकरांचा वाटा! पण हा फायदा सगळ्या जगात वाटला जातो.

नाले रुंद करणं, झाडं लावणं यांचा फायदा मात्र इथेच मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पावसात जे दुकान बुडालं नाही, त्याची पावती कोणी फाडत नाही. त्यामुळे खर्च बजेटमध्ये दिसतो, वाचलेलं नुकसान दिसत नाही.

म्हणून कुठलाही प्लॅन वाचताना तीन प्रश्न विचारा: पैसे कोण भरणार? फायदा कोणाला आणि कधी? काहीच केलं नाही, तर नुकसान किती?

काकांसाठीही पर्याय आहे. कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनल बसवते, सोसायटी फक्त वापरलेल्या युनिटचे पैसे देते. पुढच्या मीटिंगसाठी शीटमध्ये तो कॉलम टाकलाय.