दिल्ली राजधानी परिसर : अर्थव्यवस्था आणि राजकीय मूल्यांचे स्थित्यंतर

‘राजकीय मूल्य’ या संज्ञेने येथे शासनाकडे केलेल्या मागणीचा आधार अभिप्रेत आहे. मागणी हितसंबंधातून उद्भवते. तिचा आधार प्रतिपक्षालाही नाकारता येईनासा झाला, की तो मूल्य ठरतो. या निकषावर राजधानी परिसरात १९४७ नंतर चार आधार क्रमाने पुढे आले.

पहिला आधार हानीचा. फाळणीनंतरच्या निर्वासितांमुळे दिल्लीची लोकसंख्या १९४१ मधील सुमारे ९.१८ लाखांवरून १९५१ मध्ये १७.४४ लाखांवर गेली. उत्पन्नाचे साधन गमावलेल्या या समाजाचा प्रमुख आश्रयदाता शासन हेच होते. १९५४ च्या विस्थापितांच्या पुनर्वसन कायद्याने नुकसानभरपाईची व्यवस्था लावली. काँग्रेस आणि १९५१ मध्ये दिल्लीत स्थापन झालेला जनसंघ यांच्यात अन्य मतभेद होते. पुनर्वसनाच्या कर्तव्याविषयी नव्हते.

दुसरा आधार शुल्कदानाचा. निर्वासित स्थिरावले, मध्यमवर्ग विस्तारला आणि १९९१ च्या उदारीकरणाने त्याला बाजाराची परिभाषा दिली. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘भागीदारी’ योजनेने वसाहतींच्या निवासी संघटनांना प्रशासनात स्थान दिले. २००२ मध्ये वीजवितरणाचे खासगीकरण झाल्यावर नागरिक ग्राहकही बनला. २००५ च्या दरवाढीविरुद्ध याच संघटना उभ्या राहिल्या. ‘आम्ही पैसे भरतो’ या युक्तिवादात मात्र मोठी मर्यादा होती : ज्याची वस्तीच अनधिकृत, त्याला तो पूर्णपणे वापरता येत नव्हता.

या मर्यादेतूनच तिसरा आधार निघाला, निवासाचा. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आम आदमी पक्षाने पाणी व वीज यांना रहिवाशाच्या हक्काचे रूप दिले आणि २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा जिंकल्या. २०१९ मध्ये २०० युनिटांपर्यंतची वीज निःशुल्क झाली. प्रतिपक्षालाही नाकारता न येण्याच्या निकषाची कसोटी २०२५ मध्ये लागली : भारतीय जनता पक्षाने ४८ जागा मिळवून सत्ता घेतली, परंतु प्रचारात चालू कल्याणयोजना बंद न करण्याचे आश्वासन देऊनच. सत्तांतर झाले, मूल्यांतर झाले नाही.

चौथा आधार संमतीचा. त्याचे क्षेत्र शहर नसून सभोवतालची गावे. १९७६ मध्ये नोएडाची स्थापना झाली, तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता आणि त्यात मालकाची संमती आवश्यक नव्हती. जमिनीचा बाजारभाव वाढला, तसे संपादनाचा मोबदला व पुढील विक्रीची किंमत यांतील अंतर असह्य झाले. मे २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील भट्टा-पारसौल या गावांत भूसंपादनावरून हिंसक संघर्ष झाला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनात ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती अनिवार्य केली.

हानी, शुल्क, निवास आणि संमती या मालिकेत श्रम नाही. हरियाणातील मानेसरच्या मारुती कारखान्यात २०११-१२ मध्ये स्वतंत्र संघटना व कंत्राटी कामगारांच्या स्थितीचा प्रश्न उपस्थित झाला. जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि प्रश्न फौजदारी खटल्यांत गुरफटला. श्रम या मालिकेत नसण्याचे एक कारण रचनात्मक आहे. परिसराचे बरेचसे उत्पादन हरियाणा व उत्तर प्रदेशात होते, तर दिल्लीतील निवासाधारित हक्क राज्याच्या सीमेवर संपतात. त्यामुळे स्थलांतरित कामगार परिसराच्या अर्थव्यवस्थेत अंतर्भूत असूनही तिच्या मूल्यव्यवस्थेबाहेर राहतो. आर्थिक परिवर्तन मूल्याला अवसर देते; त्याची निर्मिती राजकीय संघटनच करते. श्रमाच्या बाबतीत ते संघटन या परिसरात अद्याप सिद्ध झालेले नाही.