दुखणे पिशवीबाहेरचे

‘तिची पिशवी काढली’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहज बोलले जाते की पिशवी कशासाठी काढली आणि तिच्यासोबत आणखी काय काढले, हे विचारायचे राहूनच जाते. कुणाला गाठी असतात, कुणाचे अंग बाहेर येते, कुणाचा रक्तस्राव थांबत नाही; उपाय मात्र एकच ऐकू येतो. गर्भाशयातल्या गाठींसाठी गर्भाशय काढले तर आजार त्या अवयवाबरोबर जातो, हे समजण्यासारखे आहे. पण एका आजाराची व्याख्याच ‘गर्भाशयाच्या बाहेर’ अशी आहे, आणि तरी त्याच्यासाठीही गर्भाशय काढले जाते. तो आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते. अशाच अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा आतड्यावर रुजल्या तर त्याही संप्रेरकांच्या तालावर वाढतात व त्यांतून रक्त झिरपते. त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. भोवती दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत असह्य वेदना आणि काहींच्या बाबतीत वंध्यत्व हा त्याचा परिणाम. प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

अस्तराचे हे परक्या जागी वाढणे युरोपातील विकृतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. पण त्याची संगती लावण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेतील ऑल्बनी येथील शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी केला. अंडाशयावरच्या, जुन्या रक्ताने भरलेल्या तपकिरी गाठींवर त्यांनी 1921 मध्ये लेख लिहिला. आजही डॉक्टर त्यांना ‘चॉकलेट सिस्ट’च म्हणतात. सॅम्पसन यांनी काही शस्त्रक्रिया मुद्दाम पाळीच्या दिवसांत केल्या. त्या वेळी त्यांना अंडवाहिन्यांच्या टोकांतून रक्त पोटात उतरताना दिसले. 1927 मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला की पाळीचे थोडे रक्त उलट्या दिशेने वाहते आणि त्यातील पेशी पोटात बियांसारख्या रुजतात.

उपमा इतकी चपखल होती की पुढचा निष्कर्ष आपोआप निघाला: बिया जिथून येतात ते शेतच काढून टाका. पण 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंडवाहिन्या खुल्या असलेल्या स्त्रियांपैकी 90 टक्के जणींच्या पोटात पाळीच्या वेळी रक्त आढळले. उलटा प्रवाह बहुतेक सगळ्यांच्यात असेल, तर आजार दहांतल्या एकीलाच का? म्हणजे बी पडणे पुरेसे नाही. जमीनही तशी लागते. (आवश्यक कारण आणि पुरेसे कारण यांतला फरक वर्गात समजावायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.) त्याहून नवल म्हणजे, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलेल्या मोजक्या पुरुषांमध्येही हा आजार आढळल्याच्या नोंदी आहेत. त्यांना गर्भाशय नव्हतेच.

दोष नेमका कुठे आहे, हा प्रश्न मुंबईत मात्र दुसऱ्याच तक्रारीच्या निमित्ताने फार नेटकेपणे विचारला गेला होता. गोव्यात 1899 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात घडलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यामुळे जगभर झाले. तो टाका 1955 चा. त्यांची दुसरी कामगिरी कमी सांगितली जाते. तरुण बायकांचे अंग बाहेर येऊ लागले तर गर्भाशय न काढता ते पट्टीने झोळीसारखे वर टांगण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. परळला, जिथे गिरणगावातल्या बायकांसाठी 1926 मध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही रुग्णालये सुरू झाली, तिथे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतील आवरणाच्या पट्ट्या वापरून हेच वेगळ्या रीतीने साधले. दोघांचा तर्क एकच: बिघाड आधार देणाऱ्या ऊतींत आहे, गर्भाशयात नाही, मग आधार दुरुस्त करा.

एंडोमेट्रिओसिसला हाच प्रश्न लावला तर बोट गर्भाशयापेक्षा अंडाशयाकडे जाते, कारण या पेशींना पोसणारे इस्ट्रोजेन मुख्यतः तिथे तयार होते. औषधांचा इतिहास याच वाटेने गेला. 1950 च्या दशकात बोस्टनच्या रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरके देऊन शरीराला गर्भारपणाचा भास निर्माण केला. 1970 च्या दशकात डॅनॅझॉल आले. त्याने चेहऱ्यावर केस येत, आवाज घोगरा होई. पुढे मेंदूकडून येणारा संप्रेरकी संदेशच बोथट करणारी इंजेक्शने आली. ती जणू तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात, म्हणून जास्त काळ दिली तर हाडे झिजतात. आज डायनोजेस्टसारख्या गोळ्या अधिक वापरात आहेत. औषध थांबले की त्रास पुन्हा उद्भवू शकतो. नुसत्या गाठी काढल्या, तर पाच वर्षांत 40 ते 50 टक्के स्त्रियांना तो परत होतो.

मग सगळेच काढले तर? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून 1995 मध्ये 138 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे गर्भाशय काढले होते. अंडाशयाचा काही भाग राखलेल्या 29 जणींपैकी 18 जणींचे दुखणे परतले. दोन्ही अंडाशय काढलेल्या 109 पैकी 11 जणींचे. आकडे बोलके आहेत, पण जपून वाचावेत. 29 ही संख्या लहान आहे आणि कुणाचे काय काढायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. 2008 मध्ये क्लीव्हलँडहून आलेल्या अभ्यासात, गर्भाशय काढून अंडाशय राखलेल्या 77 टक्के स्त्रियांना सात वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही. अंडाशयही काढलेल्यांत हे प्रमाण 92 टक्के होते. तिशीतल्या स्त्रियांचा वेगळा विचार केला तेव्हा मात्र अंडाशय काढल्याचा ठळक फायदा दिसला नाही. आणि ऐन तारुण्यात दोन्ही अंडाशय काढण्याची किंमत हाडे आणि हृदय मोजतात.

अँटॉप हिलला आमच्या शेजारच्या इमारतीतील एक बाई हा हिशेब करत होत्या. वय 41, दोन शस्त्रक्रिया झालेल्या, चॉकलेट सिस्ट तिसऱ्यांदा आलेली. ‘सगळेच काढून मोकळ्या व्हा’ असा सल्ला मिळालेला. मुले मोठी झाल्यामुळे गर्भाशयाचा त्यांना मोह नव्हता. अडचण वेगळी होती: ‘मोकळ्या’ म्हणजे कशातून, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. कागदावर लिहून नेलेल्या त्यांच्या प्रश्नांत तीन महत्त्वाचे होते. आतड्यावरचा आणि गर्भाशयामागचा आजार याच वेळी खरवडून काढणार का? अंडाशय राखले तर काय, आणि काढले तर हाडांचे काय? आणि माझ्या गर्भाशयाच्या स्नायूतही आजार आहे का? तिसरा प्रश्न निर्णायक ठरला. अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरलेले असेल तर त्याला एडिनोमायोसिस म्हणतात, ते पुष्कळदा एंडोमेट्रिओसिसच्या जोडीने असते, आणि त्यावर गर्भाशय काढणे हा खरा उपाय आहे. एमआरआयमध्ये ते दिसले. गर्भाशय काढले, बाहेरचा दिसेल तेवढा आजार काढला, एक अंडाशय ठेवले. दोन वर्षांनी दुखणे पुष्कळ कमी आहे, संपलेले नाही. निर्णय चांगला होता असे मला वाटते, कारण त्यांना हे आधीच माहीत होते.

सगळ्यांना असा कागद घेऊन बसता येत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी राज्य सरकारने नेमलेल्या समितीने केली. 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, म्हणजे सहांपैकी एकीचे. देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे 3 टक्के होते. त्या बायकांची दुखणी खरी होती. पण त्यांतली किती पिशवीतली होती आणि किती खाडे परवडत नसल्यामुळे पिशवीवर ढकललेली, हा फरक करायला वेळ कुणाकडे होता?

युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की पुढे मूल नको असेल आणि इतर उपचार थकले असतील तरच गर्भाशय काढण्याचा विचार करावा, आणि त्याने आजार पूर्ण जाईलच असे नाही हे स्त्रीला आधी सांगावे. त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक बदल आहे. पूर्वी खात्रीच्या निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहणे गरजेचे मानत, आणि त्यात वर्षे जात. आता लक्षणे आणि सोनोग्राफी पाहूनही गोळ्या सुरू करता येतात. त्यामुळे नववी-दहावीतली एखादी मुलगी दर महिन्याला त्याच दोन दिवशी गैरहजर राहत असेल, तर तिच्या आईला एवढे सांगता येईल की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे लगेच शस्त्रक्रिया नव्हे.