छपरावरचं गवत

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत. या समाजात एका ताम्रपटाची हकीकत सांगितली जाते. 1630च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान विजापूरवर चालून दक्षिणेत आला. फौजेला धान्य पुरवायला जंगी आणि भंगी हे दोघे राठोड नायक बैलांचे तांडे घेऊन सोबत होते. परंपरेनं त्यांच्या बैलांचा आकडा 1 लाख 80 हजार सांगितला आहे, आणि भगवानदास वडतिया या नायकाचे 52 हजार त्याहून वेगळे. आकडे फुगलेले असतील, अडचण मात्र खरी होती. वाटेत बैलांना चारा नाही, पाणी नाही, मग फौजेच्या बरोबरीनं चालायचं कसं, अशी तक्रार नायकांनी केली. तेव्हा आसफखानानं तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत परवानगी कोरून दिली. रांजणातलं पाणी घेण्याची, घरांच्या छपरावरचं गवत काढण्याची आणि दिवसाला तीन खून माफ असल्याची ती परवानगी होती. अट एकच: वजिराचे घोडे जिथे असतील, तिथे नायकांचे बैल असले पाहिजेत. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं, त्यात ही हकीकत आली आहे.

ही कथा सांगताना लोक तीन खुनांपाशी थांबतात. थांबायला हवं ते छपरापाशी. छपरावरचं गवत म्हणजे दोन-तीन पावसाळे खाल्लेलं, चुलीच्या धुरानं काळवंडलेलं गवत. जनावर ते आवडीनं खात नाही. तरीही ते ओरबाडून घेण्याची लेखी मुभा द्यावी लागते, याचा अर्थ रानातलं, धुऱ्यावरचं, गंजीतलं सगळं आधीच संपलेलं आहे. ज्या घरावरून हे गवत जात असे, त्या कुणब्याचं पुढच्या पावसात काय होत असेल, याची नोंद त्या ताम्रपटावर असणं शक्य नव्हतं.

घोडदळाचा हिशेब करून पाहिला की हे सगळं उलगडतं. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या देशी घोड्याला दिवसाला सात-आठ किलो वाळला चारा लागतो; दाण्याची चंदी निराळी. दहा हजार घोड्यांची फौज धरली, तर रोजचं 70 ते 80 टन गवत झालं. पाठीवर गोण घेतलेला बैल साधारण क्विंटलभर धान्य नेतो. गवताचं तसं नाही. ते हलकं आणि फोफशं असतं, बैलाच्या दोन्ही अंगांना भारे बांधले तरी वजन भरत नाही. शिवाय वाहणारा बैलही त्याच रस्त्यावर खातो. म्हणून दाणा दूरवरून आणता येत असे, गवत येत नसे. ते जागेवरच कापावं लागे, विकत घ्यावं लागे किंवा हिसकावून घ्यावं लागे.

मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सुरू होत, त्यामागे मुहूर्ताइतकंच हे गणित होतं. पावसाळा सरलेला असे, नद्यांना उतार मिळे, रानात गवत कमरेला लागलेलं असे आणि ज्वारी कणसावर येऊ लागलेली असे. पुढचे काही महिने घोडा मुलखावर जगे. मृगाच्या आधी फौज छावणीला परतली की साठवलेल्या गंजींवर दिवस काढायचे. 1670च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना धाडलेलं पत्र याच गंजींविषयी आहे. साठवलेला दाणा आणि गवत मनाला येईल तसं उडवलं, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात घुसाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असं महाराज बजावतात. गंजींजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जाईल, इतक्या बारकाईनं ते लिहितात. गवत विकत आणायचं असेल तर रोख पैसे देऊन बाजारातून आणा, हा त्यातला आदेश. त्या काळच्या इतर फौजांशी ताडून पाहिलं की या एका वाक्याचं मोल कळतं.

यवतमाळच्या मातीवर या गणिताची कठोर परीक्षा झाली ती 1818च्या उन्हाळ्यात. आष्टीच्या लढाईत 20 फेब्रुवारीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्यानंतर पेशवा दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या आशेनं पूर्वेकडे सरकला. वर्धा नदीपलीकडच्या वाटा इंग्रजी पलटणींनी अडवल्या होत्या. पेशव्यांची फौज वणी-पांढरकवड्याच्या मुलखात घुटमळत राहिली, आणि 17 एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी इथे कर्नल ॲडम्सनं तिला गाठलं. फौज फुटली, बाजीराव घोड्यावरून निसटला आणि 3 जूनला इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. इतिहासात हा पराभव तोफांचा आणि डावपेचांचा म्हणून लिहिला जातो. पण एप्रिलच्या मध्यावर हा टापू कसा असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मुरमाड टेकड्यांवर वाळकी कुसळी तेवढी उरते आणि नाल्यांत डबकी. कुसळीला बी धरलं की तिची अणकुचीदार टोकं जनावराच्या तोंडात आणि जिभेत रुततात. म्हणून जाणता माणूस ती फुलोऱ्याआधीच कापतो. महिनोन्‌महिने पळत असलेल्या हजारो घोड्यांना त्या दिवसांत हा मुलूख पोसू शकला नसता, मग त्यांचा धनी कुणीही असो.

पुढची गोष्ट अधिक शांत आहे, पण वऱ्हाडाच्या नशिबाला तीच जास्त चिकटली. 1853च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कारण होतं हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च. 5 हजार पायदळ, 2 हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या पोसण्यासाठी हा मुलूख तारण पडला. म्हणजे वणी-दारव्ह्याचा शेतकरी जो शेतसारा भरत होता, त्यातला काही भाग हिंगोलीसारख्या छावण्यांमधल्या घोड्यांच्या दावणीत जात होता.

हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारचा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. इंग्रजांनी हीच दुसरी रीत उचलली. स्वाराला पगार मिळे, आणि घोड्याचा चारा त्यानं त्यातूनच भागवायचा. त्यासाठी दोन स्वार मिळून एक तट्टू आणि एक घसियारा ठेवत. सकाळी खुरपं घेऊन घसियारा तट्टासह बाहेर पडे, मैलोन्‌मैल हिंडून मुळासकट गवत खुरपून आणी, झाडून माती काढी आणि गाठोडी तट्टावर लादून संध्याकाळपर्यंत परते. त्याचं नाव रेजिमेंटच्या इतिहासात येत नाही. स्वार कुठवर दौड मारू शकतो, हे मात्र या माणसाच्या खुरप्यावर ठरत होतं. छावणीच्या आसपासचं गवत संपलं की त्याची पायपीट वाढे. चारा महागला की स्वाराचा पगार आपोआप घटे. पहिल्या महायुद्धात घोड्यांची भरती आणि चारा या दोन्ही गोष्टी स्वाराच्या खिशाबाहेर गेल्या आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

दरम्यान वऱ्हाडात गवतावर सरकारी शिक्का बसला. जंगलांची विभागणी तीन वर्गांत झाली: इमारती लाकूड व जळणाची, गवतासाठी राखलेली आणि चराईची. मधल्या वर्गातल्या कुरणांना रमणे म्हणत. तिथे जनावर सोडायचं नाही, गवत वाढू द्यायचं आणि कापून न्यायचं. ज्या रानात कालपर्यंत विळा घेऊन कुणीही जाई, तिथे आता पैसे भरावे लागू लागले. रानातली वैरणही विकत घ्यायची वस्तू झाली ती इथे. 1899-1900च्या दुष्काळात हे बंधन सैल करावं लागलं आणि राखीव जंगलं गुरांना खुली झाली. पण पाऊसच न झालेल्या वर्षी रानात तरी काय असणार! गुरं मेली, बैलजोडी गेलेल्या घरांचं पुढचं पीकही गेलं.

1903 साली मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अडीच फुटी रूळ आले. किलिक निक्सनच्या कंपनीची ही गाडी पुढे ‘शकुंतला’ म्हणून लोकांची झाली. तिच्या पोटात कापूस होता. त्याच्यासाठीच ती बांधली गेली. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत दाबून घट्ट केलेल्या गाठी डब्यात रचता येत, मोकळं गवत रचता येत नसे. दुष्काळात सवलतीच्या दरानं रेल्वेनं चारा हलवला जाई, तेव्हाही तो आधी दाबून बांधावा लागे, नाहीतर अर्ध्या वजनातच डबा भरे. त्यामुळे रोजची वैरण बंडीवरच राहिली. उंच रचलेला कडबा, वरून आडवी दाबलेली बल्ली, दोरानं आवळलेला बोजा आणि त्यावर बसलेला गाडीवान हे दृश्य साऱ्या जिल्ह्याच्या ओळखीचं आहे.

कडब्यालाही कापसानं आणि नव्या बियाण्यानं मागे ढकललं. 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं संकरित वाण आलं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीमागे ते जिद्दीनं उभे राहिले. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत ते बरोबरच होतं. पण या वाणाचं ताट बुटकं. जुन्या उंच गावरान ज्वारीच्या मानानं कडबा कमी पडू लागला. त्यानंतर सोयाबीन आलं आणि ज्वारीचं शिवारच आकसलं. बैलाला तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार चालतं, सोबत सरकीची ढेप दिली की तो ओढून नेतो. पऱ्हाटी मात्र चुलीतच जाते.

घोड्याचं पोट वेगळं आहे. तो रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. धुळकट कुटार, बुरशी धरलेला कडबा किंवा पावसात भिजून तापलेलं गवत बैल पचवून जाईल, घोड्याला मात्र पोटशूळ उठतो आणि तो जीव घेऊ शकतो. ज्वारीच्या कोवळ्या धांड्यातलं विष तर दोघांनाही घातक. म्हणून वरातीचा घोडा पाळणारा असो की नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून हौसेनं शिंगरू आणणारा असो, त्याला स्वस्त चारा शोधताना निवड करावी लागते. मूठभर गवत हातात चुरून पाहायचं. रंग हिरवट-पिवळा हवा, वास कोरडा आणि गोड हवा. आतली पेंढी उपसून बघायची, कारण वरच्या पेंढ्या सगळ्याच चांगल्या असतात. पवन्या किंवा मारवेल गवत मिळालं तर उत्तम.

एका घोड्याला वर्षाला अडीच-तीन टन वाळलं गवत लागतं. पिकअप टेम्पोत ते मोकळं भरलं तर गाडीची वजनाची मर्यादा गाठण्याआधीच हौदा काठोकाठ भरतो, आणि भाडं पूर्ण फेरीचं द्यावं लागतं. यंत्रानं बांधलेले गठ्ठे घेतले तर किलोमागे दर जास्त पडतो, पण फेऱ्या कमी होतात. त्यामुळे विकत घेताना गवताचा भाव आणि वाहतुकीचा भाव एकत्रच धरावा लागतो. दिवाळीनंतर, रानातली कापणी जोरात असताना, जवळच्या गावातून वर्षाचा माल एकदम उचलणं सगळ्यांत परवडतं. त्यासाठी खाली लाकडी फळ्या टाकलेली, वर पत्रा असलेली आणि चुलीपासून लांब अशी जागा हवी. ती ज्याच्याकडे नाही, त्याला मार्च-एप्रिलमध्ये तेच गवत आठवड्या-आठवड्याला, चढ्या दरानं आणि लांबून आणावं लागतं.