वसईच्या घंटा आणि मरियेची माळ

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देवालय आहे. तेथील प्रचंड घंटा नाशिककरांच्या नित्य परिचयाची आहे. तिच्यावर १७२१ हे इसवी सन कोरलेले आहे. भीमाशंकरच्या देवळापुढील घंटेवरही असाच १७२९ चा आकडा आहे. शंकराच्या दारी इसवी सन कसे आले? मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा विजयाचे चिन्ह म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण झाल्या. घंटांची ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांचा नाद ऐकून जी माणसे हात जोडीत होती, त्यांच्या प्रार्थनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. राजसत्तेच्या आश्रयाने तेथे ख्रिस्ती धर्म पसरला. त्या कामी दडपण आले, देवळे पडली, हे इतिहासाला नाकारता येत नाही. पण दोनशे वर्षे हा दीर्घ काळ आहे. तेवढ्या अवधीत राज्यकर्त्यांचा धर्म शेतकऱ्यांचा, बागाईतदारांचा आणि कोळ्यांचा घरचा धर्म झाला. ही माणसे सामवेदी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्याच बोली बोलत. पहाटे, मध्यान्ही आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा वाजे आणि देवदूताने मरियेला दिलेल्या शुभवार्तेचे स्मरण करण्यासाठी हातातले काम क्षणभर थांबे. त्रिकाळ संध्येशी परिचित असलेल्या भूमीत ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते.

१७३९ नंतर किल्ल्यातील मठ ओस पडले. युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि थोड्या देशी पाद्र्यांवर गावोगावचा भार आला. अशा वेळी उपासना टिकते ती घराच्या आधाराने. मरियेची जपमाळ ही मुळातच अशा प्रसंगासाठी घडलेली उपासना आहे. मध्ययुगीन युरोपात मठवासी साधू दीडशे स्तोत्रे म्हणत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या सामान्य जनांनी दीडशे वेळा मरियेला वंदन करण्याचा प्रघात पाडला. दहा-दहा मण्यांचे पंधरा गट आणि प्रत्येक गटाला ख्रिस्तचरित्रातील एका प्रसंगाचे चिंतन, अशी तिची रचना स्थिर झाली. या वंदनातील पहिले शब्द देवदूताचे, पुढचे अलिशिबेचे. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातील. शेवटी मरणघटकेला आपल्यासाठी प्रार्थना कर, अशी विनवणी येते. हिला ना ग्रंथ लागतो, ना वेदी, ना पुरोहित. आजीने आरंभ करावा आणि नातवंडांनी उत्तर द्यावे, एवढ्यावर ती चालते. घंटा नेता येते, परंतु पाठ झालेला शब्द नेता येत नाही.

हा शब्द लोकभाषेत रुजविण्याचे मोठे काम दक्षिणेस गोव्यात झाले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि साष्टीत राहून मराठी शिकला. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासत होती, हे त्याने ओळखले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्ग हा वैकुंठ होतो आणि मरियेची कथा ओवीच्या चालीने चालते. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांतील हस्तलिखितांमुळे. १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली देवनागरीत आला. हुकूम विस्मरणात गेला, पण ओवी उरली.

वसईच्या दक्षिणेस वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेच्या मंदिराची कथाही अशीच आहे. मराठ्यांच्या त्याच मोहिमेच्या धामधुमीत तेथील प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त झाले. मूर्ती समुद्रात कोळ्यांच्या हाती लागली, असे परंपरा सांगते. १७६१ मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले. आजची इमारत १९०४ ची आहे. कोळी तिला ‘मोतमाउली’ म्हणतात. माउली हा शब्द ज्ञानेश्वरांचा आणि विठाईचा. तो मरियेला देताना त्यांना कोणाची अनुमती घ्यावी लागली नाही. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या जत्रेत ख्रिस्ती, हिंदू, पारशी सारेच येतात आणि दुखऱ्या हातापायाच्या आकाराच्या मेणबत्त्या वाहतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा गावठाणांच्या नाक्यानाक्यांवर क्रूस उभारले गेले. शेजारीपाजारी तेथे जमून माळ जपत. संकट ओसरले तरी कित्येक क्रूस राहिले आणि मे महिन्यात त्यांच्यापुढे लदीन म्हणण्याची प्रथाही राहिली.

या साऱ्या काळात वेदीवरची मिस्सा मात्र लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना मोकळीक दिली आणि त्यानंतर मराठी वेदीपर्यंत पोहोचली. तोवर तिला सांभाळले ते ओसरीने, नाक्यावरच्या क्रूसाने आणि तिन्हीसांजेच्या माळेने. चर्चच्या भिंतींनी जे राखले नाही, ते घरातील बायामाणसांच्या मुखाने राखले.

नाशिकची ती घंटा आज महादेवाच्या दारी आहे. वसईच्या घरांत दिवेलागणीला मणी ओढले जातात. घंटेचे स्वामी बदलले, राज्ये बदलली. पण संध्याकाळी थांबून हात जोडण्याची घटका या भूमीत दोन्हीकडे तीच राहिली.