पहिला शिक्का देशाबाहेरच : स्टॅम्पिंगचा थोडा इतिहास

अमेरिकेत शिकून तिथेच नोकरीला लागलेल्या कुणाकडून तरी हे तुम्ही ऐकलं असेल : "पूर्वी बरं होतं, व्हिसा अमेरिकेतच रिन्यू व्हायचा. ९/११ नंतर सगळं बिघडलं." मला हे वाक्य आवडतं, कारण ते अर्धं खरं आहे आणि खोटा अर्धा भाग शोधताना बरंच काही हाती लागतं.

आधी दोन शब्द वेगळे करून घ्या. व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का, सीमेवर जाऊन प्रवेश मागण्यासाठी लागणारा. तो परराष्ट्र खातं देतं. स्टेटस म्हणजे आत आल्यावर राहण्याचा दर्जा. ते इमिग्रेशनवाल्यांच्या हातात : २००३ पर्यंत आयएनएस, नंतर यूएससीआयएस. एफ-१ वर शिकणाऱ्याला नोकरी मिळाली, कंपनीने अर्ज केला, तो मंजूर झाला, की माणूस जागचा न हलता एच-१बी होतो. आय-७९७ नावाचा कागद येतो आणि त्याच्याच खालच्या भागात नवा आय-९४ असतो. पण पासपोर्टवर शिक्का विद्यार्थ्याचाच! देशाबाहेर पाऊल टाकलं नाही तर वर्षानुवर्षं काही अडत नाही. घरी आईला हॉस्पिटलात दाखल केल्याचा फोन आला, की मग अडतं. जायला कुणी रोखत नाही हो, प्रश्न परत येण्याचा असतो. म्हणून या सगळ्याला आपण 'रिन्यूअल' म्हणत असलो तरी या माणसाच्या बाबतीत ते रिन्यूअल नाहीच. त्याचा हा एच-१बीचा पहिलाच शिक्का.

एफ आणि एच हे दोन्ही वर्ग १९५२ च्या कायद्यातले. तेव्हा दोघांनाही अट एकच : मायदेशी घर हवं आणि ते सोडून देण्याचा इरादा नको. १९९० च्या कायद्याने एच-१बी हा वर्ग तयार केला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली आणि त्या वर्गापुरती ही अट काढून टाकली. म्हणजे ज्या खिडकीवर विद्यार्थी म्हणून "मी परत येणार" हे पटवून द्यायला लागलं होतं, त्याच खिडकीवर नोकरदार म्हणून तो प्रश्न उरला नाही. ती खिडकी मुंबईत २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

आता मूळ वाक्याकडे या. परराष्ट्र खातं अमेरिकेतल्या अमेरिकेत, टपालाने पासपोर्ट मागवून, काही नोकरीच्या व्हिशांवर नवा शिक्का देत असे, हे खरं. १६ जुलै २००४ पासून नवे अर्ज घेणं बंद झालं, हेही खरं. कारण २००२ चा सीमासुरक्षा कायदा : त्यानुसार २६ ऑक्टोबर २००४ नंतर प्रत्येक व्हिशासाठी बोटांचे ठसे हवे होते आणि ते घेण्याची सोय देशातल्या देशात आपल्याकडे नाही, असं खात्याने सांगितलं. (गंमत म्हणजे इमिग्रेशनवाले त्याच देशात ठसे घेतच होते. पण ते खातं वेगळं.)

मात्र त्या सोयीचा नियम उघडून वाचलात तर एक अट दिसेल. अर्जदाराला त्याच वर्गाचा व्हिसा आधी परदेशातल्या वकिलातीतून मिळालेला हवा आणि त्याच वर्गात तो देशात आलेला हवा. म्हणजे एफ-१ वर येऊन आतल्या आत एच-१बी झालेला माणूस त्यात बसतच नव्हता. त्याला पहिला शिक्का घ्यायला ९/११ च्या आधीही देशाबाहेर जावंच लागायचं.

मग त्याचं काय गेलं? त्याचं नुकसान दोन वर्षं आधी आणि दुसऱ्याच नियमात झालं. जुन्या सवलतीप्रमाणे कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन, मुदत संपलेल्या शिक्क्यावरही आय-९४ दाखवून परत येता यायचं. स्टेटस बदललेलं असेल तर जुना विद्यार्थी-शिक्का नव्या वर्गाचाच धरला जाई. त्यामुळे कॅनडातल्या वकिलातीत जाऊन नशीब आजमावता यायचं. नकार मिळाला तरी परतीची वाट उघडी! १ एप्रिल २००२ पासून ही वाट बंद झाली : त्या फेरीत नव्या व्हिशासाठी अर्ज केलात, की सवलत संपली. नकार किंवा चौकशी लांबली, तर माणूस तिथेच अडकणार, इकडे नोकरी, भाड्याचं घर, मुलांची शाळा सगळं तसंच.

लोकांच्या आठवणीत २००२ आणि २००४ एकत्र होऊन '९/११ नंतर' झालंय. तोंडी इतिहास गोळा करणार असाल तर हे पुष्कळदा होईल. मुलाखत टाकून देऊ नका. ज्याला झळ बसली त्याला ती खरीच बसलेली असते, फक्त कुठल्या नियमाने बसली हे तो सांगेलच असं नाही. त्यासाठी कायद्यापेक्षा खात्यांच्या सूचना तारीखवार लावून वाचायला लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते खरा माल तिथेच आहे.

२०२४ च्या जानेवारीत परराष्ट्र खात्याने देशातच नूतनीकरणाचा छोटा प्रयोग केला, २०,००० जागांचा. पात्र कोण? ज्यांना आधीचा एच-१बी शिक्का ठरावीक काळात भारत किंवा कॅनडातून मिळाला होता आणि ज्यांचे दहाही बोटांचे ठसे खात्याकडे आधीच होते, असे लोक. वीस वर्षांनी दार किलकिलं झालं, पण आतल्या आत स्टेटस बदललेला पुन्हा बाहेरच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये खात्याने आणखी सांगितलं, की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करा. म्हणजे मराठी मुलाने कॅनडात जाऊन स्टॅम्पिंग करायची उरलीसुरली पायवाटही गेली. आता बीकेसीचीच तारीख मिळवायची आणि ती मिळेपर्यंत घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं.