तळटीप : सुगीची उपकारस्तुती
१. सुगीची उपकारस्तुती : नवे पीक हाती आल्यावर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत होणारी आभाराची उपासना. शेतकरी कुटुंबे पहिला वाटा वेदीपुढे ठेवतात. नांदेड-लातूरकडची पिके म्हणजे खरिपाचे सोयाबीन व तूर, रब्बीची ज्वारी व हरभरा. अनेक ठिकाणी उपासनेनंतर या अर्पणाचा लिलाव होतो. सुगीच्या कष्टांबरोबर विसाव्याचाही विचार येतो. शब्बाथाच्या विसाव्याचे कारण बायबलमधील निर्गम 20:11 सृष्टीच्या निर्मितीत शोधते. अनुवाद 5:14-15 मात्र मिसरातल्या गुलामीची आठवण देऊन दास-दासी आणि बैलांनाही तो विसावा देते. पोळा पाळणाऱ्या मुलखाला ही आज्ञा परकी वाटू नये. आभाराचेच पाहिले, तर घरोघरची प्रार्थना जेवणाआधी होते. अनुवाद 8:10-14 मात्र जेवून तृप्त झाल्यावर देवाचे आभार मानायला सांगते, कारण विसर पडतो तो भरल्या पोटी.